परत आलेली बाटली

३ मार्च, मंगळवार
साखर १६८.

दवाखान्यातल्या नर्सने ही वही दिली. रोज सकाळी बोट टोचायचं आणि आकडा लिहायचा, म्हणाली. आकड्यापुढे एवढी कोरी जागा सोडली आहे की बघवत नाही. मी चार इयत्ता शिकले. मिशनच्या बाईंनी छडी मारून अक्षरं डोक्यात घातली, ती अजून आहेत. तर लिहिते. कोणी वाचेल अशी भीती नाही. माझी मुलगी फ्रेमा एका श्रीमंत म्हाताऱ्याची देखभाल करते, आठवड्याचे पाच दिवस तिकडेच राहते, तिला स्वतःचं टपाल वाचायला वेळ नाही. फ्रेमाचा मुलगा अडाए आठव्या वर्षी इथे ब्राँक्सला आला, त्याला आपली अक्षरं येत नाहीत. त्याच्या बायकोला, बोआतेमाला येतात, पण ती दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. तेवढं एक आहे तिच्यात.

बाकी काय सांगायचं. शेंगदाण्याचा रस्सा करते तो असा की त्यात तोंड बघून घ्यावं. फोनवर आईशी बोलताना हसते ते खालच्या मजल्याला ऐकू जातं. गेल्या ऑगस्टात दहा दिवस अंथरुणात लोळली, कंबर दुखते म्हणे. तिच्या वयाची असताना मी कंदांची पाटी डोक्यावर घेऊन बाजार करायचे आणि फ्रेमा पाठीवर असायची. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात माझे पाय धुते, बोटांच्या मधे फोड नाही ना बघते. नर्सने सांगितलंय म्हणून करते.

मुलगी मीच शोधली होती. एफिदुआसेची, आफ्रिकेतल्या आमच्याच गावची. तेव्हा मला वाटलं होतं, इथल्या पोरींपेक्षा ही बरी.

आज पाय पुसता पुसता तिने कार्ड काढून दाखवलं. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलंय, जसं काही पाण्यात पडणार आहे. त्यावर तारीख आहे, १४ जून. नव्या लग्नाच्या बायकोला इथलं सरकार दोनच वर्षांचं कार्ड देतं. खरं लग्न आहे की कार्डापुरतं, ते बघायला. मुदत संपायच्या आधी तीन महिन्यांत नवराबायकोने एकत्र सही करून अर्ज पाठवायचा, मग दहा वर्षांचं मिळतं. नाही पाठवला तर घरी परत.

"आजी, तुम्ही त्यांना सांगाल का," म्हणाली.

अडाए नाताळापासून घरी झोपायला आलेला नाही. विमानतळावर सामानाच्या गाड्या चालवतो, जादा काम असतं म्हणतो. आजकाल विमानं फारच उडतात वाटतं.

८ मार्च, रविवार
साखर १७५. चर्चमध्ये केक होता.

अडाएला जेवायला बोलावलं. बोआतेमाला मुद्दाम बाजारात पाठवलं आणि रस्सा मी केला. दोनदा वाढून घेतला. मग फॉर्म पुढे ठेवला. वाचतोय असं दाखवलं. हा लहानपणापासून खोटं बोलायच्या आधी कान खाजवतो. आजही खाजवला, म्हणाला, काम फार आहे, नंतर बघू.

मी म्हटलं, "कान सोड आणि सांग, कोण आहे ती?"

मग सांगितलं. न्यूअर्कला आहे. तिच्याच घरी असतो. मूल होणार आहे, उन्हाळ्यात.

पुरुष आहे, बापही तसाच होता, चार गावांत चुली. आमच्यात जुन्या काळी चालायचं. मी एवढंच विचारलं, बोआतेमाने तुझं काय वाईट केलं? म्हणाला, काही नाही. मग सही कर, म्हटलं. केली. पेन त्याचंच होतं.

जाताना जिन्यात ती समोरून आली, हातात पिशव्या. त्याने एक पिशवी तिच्या हातून घेतली, दारापर्यंत आणली, खाली ठेवली आणि गेला. परका माणूसही एवढं करतो.

१६ तारखेच्या आधी पाठवला तर अर्ज परत येतो म्हणे. लिफाफा बोआतेमाच्या बायबलमध्ये आहे.

११ मार्च, बुधवार
साखर १६१.

डोकं चालवलं. सहीने नवरा घरी येत नाही. त्याला बैठक लागते. एफिदुआसेला दोन्ही घरची माणसं अंगणात बसली, वडीलधाऱ्यांनी चार शब्द सुनावले, की भलेभले ठिकाणावर येतात. माझ्या नवऱ्याला दोनदा आणलं होतं असंच.

माझा भाऊ ओपोंग आमच्या कुळाचा प्रमुख. आमच्यात कूळ आईकडून चालतं, म्हणून अडाए माझ्या मुलीचा असल्याने आमचा, आणि त्याचे कान ओढायचा हक्क ओपोंगचा. त्याला फोन केला, म्हटलं, दारूच्या दोन बाटल्या घेऊन बोआतेमाच्या मामाच्या दारी जा, शनिवारी बैठक लाव, अडाएला फोनवर बसव. तो म्हणाला, आक्का, मुलीला विचारलंस का? मी म्हटलं, बैठक नवऱ्याची आहे, तिचं काय काम?

१४ मार्च, शनिवार
साखर २१४. रात्रीचा ब्रेड नडला.

बोआतेमा सहालाच कामावर गेली, म्हाताऱ्यांच्या होममध्ये नाश्त्याची ताटं लावते. सातला फोन लागला. तिकडे अकरा वाजले होते, कोंबडे ऐकू येत होते. ओपोंगने फोन मोठ्या आवाजावर टाकून खुर्चीवर ठेवला. अडाए त्याच्या गाडीतून बोलत होता.

सुरुवात चांगली झाली. बोआतेमाचा मामा ट्रकवाला आहे, बोलायला गोड. आमची पोरं दूर देशी आहेत, थंडीत माणसाचं डोकं जरा सरकतं, असं म्हणाला. सगळे हसले. मग ओपोंगने अडाएला विचारलं, दुसरीकडे राहतोस हे खरं का. अडाए म्हणाला, खरं. मूल होणार हे खरं का. खरं.

मग बोआतेमाच्या आईचा आवाज आला. ती म्हणाली, माझी पोर दुसऱ्याच्या ताटातलं उरलेलं खायला धाडली नव्हती.

मामाने रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, ही बायको तुला हवी आहे का? पहिल्यांदा अडाए काही बोलला नाही. दुसऱ्यांदा गाडीचा हॉर्न ऐकू आला. तिसऱ्यांदा म्हणाला, नको.

त्यांनी आतून बाटली आणली आणि ओपोंगच्या पायाशी ठेवली. लग्नात आमच्या घरून मुलीच्या घरी जी दारू जाते, तिनेच लग्न लागतं. तीच परत आली की मोडतं. ओपोंगने हात लावला नसता, बाटली तिथेच सोडून उठला असता, तर अजून सहा महिने बोलणी चालली असती. पण माझ्या भावाला समोरची बाटली सोडवत नाही. उचलली.

मी इकडून ओरडत होते, घेऊ नको, घेऊ नको. अंगणात कुणाला ऐकू आलं नाही म्हणे.

बोआतेमा तीनला आली. मी सरळ सांगितलं, उगाच घोळ कशाला. तिने कोट काढला नाही. बुटांवरचं बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं.

"मला कुणी विचारलं?" म्हणाली.

तुझा मामा होता, तुझी आई होती, म्हटलं.

"मला, आजी."

मग फडकं घेऊन तिने आधी फरशी पुसली.

१६ मार्च, सोमवार
साखर २३०.

आजपासून अर्ज घेतात. मी म्हटलं, सही आहे, लिफाफा आहे, पोस्ट कोपऱ्यावर आहे. जा, टाक.

ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. म्हणाली, यात लिहिलंय की आम्ही नवराबायको आहोत. खाली शपथ आहे.

शनिवारच्या आधी सही झाली, तेव्हा होतात की, म्हटलं.

पण पाठवायचा तो आज ना, म्हणाली.

मला राग आला. अगं, ती बाटली काय विमानतळावरून आली का? या लोकांच्या कुठल्या वहीत तिची नोंद आहे? एफिदुआसेचं अंगण त्यांना नकाशावर सापडणार नाही. कोण सांगणार त्यांना? तुझा मामा? माझा भाऊ? तो तर ती पिऊनही बसला असेल.

ऐकून घेतलं सगळं. शेवटी लिफाफा परत बायबलमध्ये ठेवला. कामाला जाते म्हणाली. आज तिची सुट्टी होती.

अशी अडाणी मुलगी पाहिली नाही. शिकलेली आहे ना, म्हणून.

१९ मार्च, गुरुवार
साखर २४१. हे बोट टोचायचं यंत्रच बिघडलंय.

चर्चच्या तळघरात गुरुवारी वकील बसते. केसादा नावाची, बुटकी, आवाज मोठा. सोबत भाषांतराला एक फान्ते बाई. फान्ते म्हणजे आमच्या देशातले किनाऱ्याकडचे, दोन शब्द आपले बोलतात आणि तिसरा इंग्रजांचा, तरी समजलं.

मला वाटलं वकीलबाई हसेल. म्हणेल, बाटली? कसली बाटली? ती हसली नाही. म्हणाली, लग्न रीतीने लागलं, त्याच लग्नाच्या कागदावर मुलीला कार्ड मिळालं. मग रीतीने मोडलेलं मोडलेलंच धरतील. वाद घालता येईल, पण शपथेवर खोटं लिहिलं आणि उद्या कुणी तिकडून चिठ्ठी पाठवली, तर खोटेपणाचा शिक्का जन्मभर. फॉर्म फाडा, म्हणाली. बोआतेमाने तिथेच फाडला. अडाएची सही मधून गेली.

म्हणजे एवढ्या मोठ्या सरकारला आमची दारू मान्य. माझ्या जावयाला, अडाएच्या बापाला, कधी नव्हती.

दुसरा रस्ता आहे. घटस्फोट झालेली बाई एकटीच्या नावे अर्ज करू शकते. त्याला दोन गोष्टी लागतात. एक, लग्न मोडल्याचा तिकडच्या कोर्टाचा कागद. दोन, लग्न खरं होतं, कार्डासाठी नव्हतं, याचे पुरावे. १४ जूनच्या आत गेलेलं बरं. नाही जमलं तर कार्ड मेलं, मग कोर्ट, मग विमान.

वकीलबाईने विचारलं, बैठक कुणी बोलावली? मी म्हटलं, माझ्या भावाने.

बोआतेमाने माझ्याकडे पाहिलं.

२ एप्रिल, गुरुवार
साखर १९८.

दोन आठवडे पुरावे शोधणं चाललंय. घरभाड्याच्या कागदावर दोघांची नावं? नाहीत, घर फ्रेमाच्या नावावर. विजेचं बिल? फ्रेमा. बँकेत एकत्र खातं? अडाएचं स्वतःचं, तिचं स्वतःचं. वकीलबाई डोक्याला हात लावून म्हणाली, तुम्ही लोक संसार करता की पाहुणचार? मी म्हटलं, नवी सून सासरी येते ती सासूच्या घरात. आल्या आल्या विजेच्या बिलावर नाव टाका म्हणणारी सून मी दारातून परत पाठवली असती.

ते आता अंगावर आलंय.

फोटो आहेत. लग्नाचे, नाताळचे. एवढ्याने भागत नाही म्हणे.

आज बोआतेमाने बुटांच्या खोक्यातून एक कागद काढला. हॉस्पिटलचा, गेल्या ऑगस्टचा. फान्ते बाईने वाचून दाखवला. चौथा महिना होता. मूल गेलं. खाली नवऱ्याची सही, दोन रात्री सोबत राहिल्याची नोंद.

वकीलबाईचा चेहरा उजळला. हा कागद सोन्याचा, म्हणाली. तिला तसंच म्हणायला हवं, तिचं काम आहे.

बसमध्ये मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तीन महिने भरल्याशिवाय सांगू नको असं आईने सांगितलं होतं. भरले तेव्हा तुम्हाला रविवारी सांगणार होते. शुक्रवारी गेलं.

मी त्या दहा दिवसांत काय काय बोलले ते आठवायचा प्रयत्न केला. एक आठवलं, तेवढ्यावर थांबले. मला सांगितलं असतं तर गरम पाण्याचा शेक तरी दिला असता. मिरीचा रस्सा केला असता. सांगायचं असतं माणसाने.

आज पाय मीच धुतले. वाकता येत नाही नीट. ती आली आणि परत धुतले.

१२ एप्रिल, रविवार
साखर २२६.

अडाए आला, फ्रेमाही होती. फ्रेमानेच बोलावलं असणार. त्याला कुणीतरी सांगितलंय की बायकोला आणताना त्याने जो हमीचा कागद भरला, तो घटस्फोटाने सुटत नाही. ती इथे राहिली आणि अडचणीत आली तर जबाबदारी त्याचीच. त्याचं नवं मूल येतंय, हे गळ्यात कशाला, असं त्याचं म्हणणं. ती परत गेली तर प्रश्न मिटतो. तो कार्डाच्या ऑफिसला चिठ्ठी लिहिणार आहे, की हिने कार्डासाठी लग्न केलं.

मी म्हटलं, तू ऑगस्टात दोन रात्री खुर्चीवर बसलास, ते कशासाठी? कार्डासाठी?

तो जमिनीकडे बघत राहिला. कानाला हात गेला नाही, तेवढं पाहिलं.

फ्रेमा म्हणाली, "आई, ती चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण हा आपल्या रक्ताचा. उद्या तू गेलीस तर खांदा हा देणार, ती नाही. तू शपथेवर याच्याविरुद्ध लिहून देणार?"

"तू फक्त गप्प बस, आजी," अडाए म्हणाला. "मी तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही."

त्याचं खरं आहे. कधी काही मागितलं नाही त्याने. आठ वर्षांचा इथे आला तेव्हा पहिले सहा महिने बर्फाला घाबरून माझ्या झग्याला धरून शाळेत जायचा.

मी बघते, म्हटलं. बोआतेमा स्वयंपाकघरात होती. दार उघडंच होतं.

२९ एप्रिल, बुधवार
ओपोंग कोर्टात जायला तयार नव्हता. आधी एक मयत होती, मग दुसरी. आमच्याकडे मयत कधी संपत नाही. शेवटी मी म्हटलं, बाटली उचलताना हात दुखला नाही, आता पेन उचल. कागद झाला. मे महिन्यात इकडे येणाऱ्या एका पाद्र्याबरोबर तो पाठवतोय.
साखर बघायची राहिली.

९ मे, शनिवार
साखर २०२.

आज जबानी झाली. वकीलबाई विचारणार, मी सांगणार, फान्ते बाई इंग्रजी करणार, मग सही. बोआतेमाला बाहेर बसवलं. मला सांगितलं, गोड बोलायची गरज नाही, जसं झालं तसं सांगा. मी म्हटलं, गोड मला चालतही नाही.

सांगितलं. एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे. त्याचे मोजे ती धुवायची आणि दर रविवारी मोज्यांवरून भांडण. तिला थंडी सोसत नव्हती तर त्याने स्वतःचा कोट दिला आणि स्वतः जॅकेटवर काढला पहिला हिवाळा. ऑगस्टचं सांगितलं. नाताळापासून तो दुसरीकडे राहतो हेही सांगितलं. फान्ते बाईने दोनदा विचारलं, हे लिहू? लिही, म्हटलं.

मग वकीलबाई म्हणाली, घटस्फोटाची बैठक तुमच्या भावाने बोलावली, बरोबर?

हो, म्हटलं.

तिने ओपोंगचा कोर्टाचा कागद पुढे सरकवला. फान्ते बाईने वाचला. त्यात लिहिलंय, माझी थोरली बहीण अफुआ पोकुआ हिच्या सांगण्यावरून मी दोन बाटल्या घेऊन गेलो. मेल्याने आयुष्यात एकदा खरं लिहिलं ते इथे.

वकीलबाई म्हणाली, दोन कागद दोन गोष्टी बोलले तर ऑफिसर दोन्ही फेकून देईल. काय खरं आहे?

मी पाणी मागितलं. प्यायले. बायका दोघी वाट बघत होत्या.

मग सांगितलं, "मी बोलावली. पोराला परत आणायला बोलावली. मुलीला विचारलं नाही. बाटली परत येईल असं मला वाटलं नव्हतं."

एवढंच वाक्य इंग्रजीत फार लांब झालं. खाली माझं नाव लिहिलं, आपल्या अक्षरांत. अंगठा नको म्हटलं.

बाहेर आले तर बोआतेमाने विचारलं, झालं? झालं, म्हटलं. बसमध्ये जागा एकच होती, मला बसवून ती उभी राहिली. वकीलबाईने तिला कागद वाचायला दिला होता. उभ्या उभ्या वाचत होती. वाचून झाल्यावर पहिल्यापासून परत वाचला.

२१ मे, गुरुवार
साखर १७७.

अर्ज गेला. फ्रेमा माझ्याशी कामापुरतं बोलते. औषध घेतलंस? घेतलं. झालं.

८ जून, सोमवार
साखर १७०.

ऑफिसची चिठ्ठी आली, अर्ज पोचला, कार्डाला एक वर्ष वाढ. पुढे बोलावून विचारपूस करतील.

बोआतेमा आज खोली बघून आली, होममधल्या एका बाईबरोबर. लग्न मोडल्यावर नवऱ्याच्या घरी राहणं बरं दिसत नाही, हे मीच तिला म्हटलं होतं मार्चमध्ये. लोक काय म्हणतील, म्हटलं होतं. आता म्हटलं, एवढी काय घाई आहे. म्हणाली, पुढच्या महिन्यात इथली भाडी वाढतात.

शनिवारी गेली. दोन सुटकेसा. मी खिडकीत उभी नव्हते राहिले, चुलीवर केळी होती.

(हे शनिवारी लिहिलं, १३ तारखेला. तारीख वर टाकायची राहिली.)

५ नोव्हेंबर, गुरुवार
साखर १८४, सकाळी. परत आल्यावर बघितली नाही.

बोआतेमाला आज मॅनहॅटनला विचारपुशीला बोलावलं होतं. साक्षीदाराला सहसा आत घेत नाहीत, तरी या, वकीलबाई म्हणाली. मी फ्रेमाला सांगितलं, दवाखान्यात जाते.

बाहेरच्या बाकावर पाऊण तास. मग एक माणूस आला आणि मला आत बोलावलं. वकीलबाईला आवडलेलं दिसलं नाही. ऑफिसर तरुण, टक्कल पडलेला, समोर फाईल. बोआतेमा खुर्चीच्या टोकावर. हात मांडीत.

त्याच्याकडे अडाएची चिठ्ठी होती. लिहिलीच शेवटी. त्याने वाचून दाखवली, फान्ते बाईने आपल्या भाषेत केली. हिने कार्डासाठी लग्न केलं, आजी म्हातारी आहे, तिला काही समजत नाही, हिने तिला भुलवलं.

ऑफिसरने विचारलं, तुमचा नातू असं का म्हणतो?

मी म्हटलं, तो खोटं बोलतोय. मी वाढवलाय, मला माहीत आहे.

आणि ही?

हिला येत नाही, म्हटलं. मी शिकवून बघितलं.

फान्ते बाई थांबली. ऑफिसर म्हणाला, म्हणजे काय? वकीलबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मांजर असते तर पळाले असते. पण तोंडातून निघालं होतं, आणि अर्धं सोडलं तर ते उलटंच दिसलं असतं.

सांगितलं. "लग्न मोडून दोन दिवस झाले होते. अडाएची सही केलेला जुना फॉर्म हिच्याकडे होता. मी म्हटलं, टाक पोस्टात, कोण बघतंय. आम्हा घरच्यांशिवाय इथे कुणाला माहीत नव्हतं. हिने टाकला नाही. वकिलाकडे नेऊन फाडला. हिला नुसतं कार्ड हवं असतं तर मार्चमध्येच मिळालं असतं, साहेब. मीच देत होते."

ऑफिसरने लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होता. मग मला विचारलं, तुम्हाला कळतं का, तुम्ही तिला गुन्हा करायला सांगत होतात?

"आता कळलं," म्हटलं. "तेव्हा मी फक्त आजी होते."

फान्ते बाईने ते इंग्रजीत केलं का नाही कोण जाणे. त्याने फाईल मिटली. कळवतो, म्हणाला.

बाहेर वकीलबाई दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिली. बोआतेमा हसत होती. तेच हसणं, तीन मजले ऐकू जाणारं. पहारेकऱ्याने वळून पाहिलं.

१३ डिसेंबर, रविवार
साखर १५९.

दहा वर्षांचं कार्ड आलं. बोआतेमा दाखवायला आली, चर्चनंतर. फ्रेमा होती घरी. तिने चहा टाकला, कपात दोन चमचे साखर घालून तिच्यापुढे ठेवला आणि आत गेली. फ्रेमाकडून एवढं पुष्कळ.

अडाएला मुलगी झाली ऑगस्टात. माझं नाव ठेवलंय तिला. मी अजून बघितली नाही. चिठ्ठीचं त्याला विचारलं नाही, तोही बोलला नाही.

बोआतेमा जानेवारीत वुस्टरला जाते. नर्सिंगचा कोर्स आहे, होमच्या बाईने खटपट केली. बोलताना पाय बघू म्हणाली. मोजे काढले. करंगळीपाशी एक जागा लाल आहे, डॉक्टरला दाखवा म्हणाली.

मग मी सांगितलं. बैठक झाली तेव्हा एक गोष्ट राहिली होती. सोडलेल्या बायकोच्या खांद्यावर नवऱ्याच्या घरच्याने पांढरी माती लावायची असते, चारचौघांना दिसेल अशी. आम्ही हिला सोडली, आता हिच्यावर आमचा शब्द नाही, म्हणून. ती इथे होती, कुणी लावली नाही. एकशे पासष्टाव्या रस्त्यावरच्या आफ्रिकन दुकानात गरोदर बायका खायला घेतात ती माती मिळते. जूनपासून आणून ठेवली होती. कार्ड येईपर्यंत थांबले होते, मधे काही उलटं झालं असतं तर लोक मातीला दोष देतात.

म्हटलं, "लावू का? नको म्हणालीस तर राहू दे."

तिने ब्लाउजची कड खांद्यावरून खाली सरकवली. म्हणाली, "लावा. पण त्यांच्या घराकडून नको. तुमच्याकडून."

मी म्हटलं, अगं, तशी रीत नाही. मी त्याच घरची. माझ्याकडून तुला सोडायचं असेल तर आधी मी तुला धरलेली असायला हवी.

खांदा तसाच पुढे होता.

माती पाण्यात कालवली आणि लावली. फ्रेमा दारात येऊन उभी राहिली होती. चारचौघं नव्हतो, तिघीच होतो.